कानामागची चार बोटं

विटांच्या गावाहून, ४ ऑक्टोबर

ठमे,

पत्रास कारण की मला राहवत नाही.

आज मी एका विटेवर कुत्र्याचा पाय पाहिला. वीट ओली असताना कुत्रं तिच्यावरून गेलं. विटा पाडणाऱ्याने त्याला हाकललं असणार, कारण पुढचा पाय स्वच्छ उमटलाय आणि मागचा घसरलाय. मग त्याने ती वीट तशीच भाजली आणि भिंतीत बसवली. भिंत अजून उभी आहे. कुत्रं हजारो वर्षांपूर्वी मेलं, आणि त्याच्या पायाचा साचा माझ्यासमोर! मी इतक्या मोठ्याने हसले की गाइड धावत आली. तिला वाटलं, ऊन लागलं.

ऊन नाही, मला हा देश लागलाय. उभा जन्म संग्रहालयाच्या तळघरात प्लास्टर ओतण्यात गेला. इथल्या प्रत्येक प्रसिद्ध नाकाच्या प्रतीला माझी कानस लागलीय, पण अस्सल नाकासमोर मी कधी उभी राहिले नव्हते. आता राहते. बस थांबली की सगळ्यांच्या आधी मी खाली. कालच्या देवळात खांबावरच्या नर्तकीच्या पाठीला हात लावला. गार होती ग! आपल्या प्रती कधी गार नसतात.

बसमध्ये एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको आहेत. डॉक्टर प्रत्येक दगडी सिंहाच्या जबड्यात डोकावतात. काल म्हणाले, "याला एक दाढ जास्त आहे." बायको म्हणाली, "काढा मग. तेवढंच राहिलंय." अशी ही मंडळी.

पुढे नदीची घळ, मग मोठं तळं, मग बर्फाजवळचे मठ. मुक्कामांचे पत्ते मागे लिहिलेत, तिथे पत्र टाक. फोनचं नाव काढू नकोस. फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मी ओरडते.

हातांच्या खोलीची खिडकी रोज उघडतेस ना? मूर्तीचे आधी हातच तुटतात, म्हणून आपला साचेखाना काढणाऱ्या थोरल्या मास्तरांनी हातांच्या प्रतींना वेगळी खोली दिली होती. तिथे ओल येऊ देऊ नकोस. तुझ्या बापाला सांग, बहीण जिवंत आहे आणि भाव खातेय.

आत्या

.

१० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र डबा खाताना सगळ्यांना वाचून दाखवलं. रबरी साचे करणारे आपले नवे साहेब म्हणाले, "बाईंनी त्या पायाचा साचा घेतला नाही म्हणजे नवलच." मी म्हणाले, पिशवीत प्लास्टर असतं तर घेतला असता.

इथे सगळं ठीक. तळघरात जरा ओल दिसली, म्हणून आवरायला काढलंय. खिडकी उघडी असते. हात सगळे ठीक आहेत. तू त्याची काळजी करत बसू नकोस.

बाबा म्हणतात, "तिला सांग जिने चढू नकोस. ऐकणार नाही, तरी सांग." सांगितलं.

तू विचारलं नाहीस, तरी लिहिते, कारण पुढच्या पत्रात विचारशील. नाही, मला यावंसं वाटत नाही. अस्सल मूर्ती उन्हात, उंचावर, गर्दीत असते. मानेला रग लागते आणि अर्धी दिसते. प्रत मी खिडकीपाशी घेते, हवी तशी फिरवते, आणि कोणी "पुढे चला" म्हणत नाही. तुला गार पाठ मिळाली याचा आनंद आहे. मला इथे बरं आहे.

बाकी सगळं ठीक.

ठमी

.

घळीतून, १५ ऑक्टोबर

ठमे, ठमे,

बसून वाच. मी उभ्याने लिहितेय.

परवा सकाळी बस घळीत उतरली. खाली हिरवी नदी, दोन्ही अंगांना ताशीव कडे, आणि कड्यांत खोल्याच खोल्या. एके काळी इथे संन्यासी राहायचे. एका खोलीत दगडातच कोरलेला बिछाना आहे, दगडाचीच उशी. मी आडवी झाले. उशीला मधोमध खळगा आहे, डोकी ठेवून ठेवून पडलेला. माझं डोकं त्यात बरोबर बसलं. कोण कोण निजलं असेल इथे, आणि त्यांना काय काय सुचलं असेल! डॉक्टरांची बायको दारातून म्हणाली, "उठा आता, मला पण बघू दे." मग तिने दहा मिनिटं जागा सोडली नाही.

आणि मग आजोबा भेटले.

आपले बहिरे आजोबा! चित्रकलेच्या वर्गावर्गात ज्यांचं डोकं फळीवर बसलेलं असतं, जे मी निम्मं आयुष्य ओतलं आणि तू उरलेलं ओतते आहेस, ते. अख्खे. मांडी घालून, कड्याच्या खोबणीत बसलेले, माणसाच्या दीडपट. डोकं डावीकडे कललेलं, अगदी तसंच. मला रडू आलं आणि डॉक्टरांनी खिशातून कापूस काढून दिला.

पण ठमे, त्यांना उजवा हात नाही. मनगटापासून गेलेला. थोरले मास्तर खेचरावरून इथे आले, तेव्हा होता. त्यांनी डोक्याचा आणि त्या हाताचा साचा घेतला. बाकी देहाला प्लास्टर पुरलं नाही. पुढे दरड कोसळली, त्यात हात नदीत गेला. खालची वस्ती उठली, वाट मोडली, बरीच वर्षं इथे कोणी फिरकलंच नाही. आता देवस्थान पुन्हा उभं राहतंय आणि विश्वस्त आजोबांना नवा हात देणार आहेत. परांची बांधून झालीय. आणि कसला हात देणार, तर आशीर्वादाचा! तळवा समोर, बोटं वर!

मी म्हणाले, "अहो, ते आशीर्वाद देत नाहीत. कानामागे हात धरून बसलेत. ते ऐकताहेत."

अध्यक्ष म्हणून एक छत्रीवाले गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, "बाई, आपण कुठल्या विद्यापीठात होता?"

"तळघरात," मी म्हणाले.

गाइडने पुस्तक उघडून दाखवलं. त्यात लिहिलंय, उजव्या कानामागे केसांच्या चार गाठी. गाठी! मी परांचीवर चढले. (बापाला सांगू नकोस.) कानामागे नजर पोचेना, इतकी अरुंद जागा. तेव्हा खालून डॉक्टर म्हणाले, "थांबा," आणि तोंडात घालायचा त्यांचा तो लांब दांडीचा आरसा वर पाठवला. प्रवासातही खिशात असतो! आरसा कानामागे धरला आणि पाहिलं. एकाखाली एक, चार. झिजलेली, पण तिरकी, एकाच दिशेला. केस असे नसतात. ठमे, ती बोटांची टोकं आहेत. हात वेगळ्या दगडाचा, टोकांशी सांधलेला होता; तो सांध्यातून निखळून पडला, पण टोकं डोक्यालाच धरून राहिली.

मला ठाऊक कसं, तर मीच ती प्रत्येक डोक्यावरून कानशीने काढली आहेत. चित्रकलेचे मास्तर तक्रार करायचे, "आजोबांना कानामागे चामखिळी कशाला?" मग थोरल्या मास्तरांनीच सांगितलं, घासून टाक. तू आलीस तोवर टोकांशिवायचा साचा रूढ झाला होता. "बहिरे" हे नाव तेवढं उरलं. तुला वाटत आलं असेल, मान कललीय म्हणून.

अध्यक्ष आपले गाठींनाच धरून आहेत. "जाणकारांनी लिहिलंय." पण पाथरवट शहाणा आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, मला हात दाखवा. या टोकांना बसला, तर मी तसाच कोरेन, मग कोणी काही म्हणो. पण दगड महिनाअखेरीला येतोय. एकदा छिन्नी लागली की माघार नाही."

तेव्हा ऐक. हातांच्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर, मागच्या रांगेत एक मोठा उजवा हात आहे. त्याच्या चार बोटांना टोकं नाहीत. साचे त्या सांध्यावरच वेगळे केले आणि टोकं डोक्याच्या साच्यात राहिली ना, म्हणून. कोणी कधी मागितला नाही, कधी कुठे गेला नाही. तो हात इथे पाहिजे. नाहीतर आजोबा यापुढे हात वर करून बसतील, आणि मी त्यांच्याकडे बघत मरेन.

उद्या बस तळ्याकडे निघते. उत्तर तिकडे टाक.

आत्या

आणि हे बघ. तुझ्या पत्रात "ठीक" तीनदा आलंय. काय मोडलंय?

.

२० ऑक्टोबर

आत्या,

आधी वाईट ते लिहिते.

तळघर गेलं. तिथे पाहुण्यांसाठी उपाहारगृह होणार आहे. तू निघालीस त्याच आठवड्यात हुकूम आला. तुला कळलं असतं तर तू तिकीट परत केलं असतंस, आणि इतक्या वर्षांनी तू पहिल्यांदा कुठे निघाली होतीस. म्हणून लिहिलं नाही.

प्लास्टरचे जुने साचे ट्रकमध्ये भरून नदीकाठच्या सखल जमिनीत भर म्हणून टाकले. हात मात्र मला ठेवू दिले. धड असतील तेवढे ठेवा, असं म्हणाले. मीच निवडले. धड हात डावीकडे, मोडके उजवीकडे.

तो हात मला आठवतो. मी त्याला उचललं होतं. चारही बोटं आखूड आणि चारही सारखी. मला वाटलं, ओतणाऱ्याने घाई केली, प्लास्टर टोकांपर्यंत गेलं नाही. असा हात म्हणजे फसलेला ओत, हे तूच शिकवलंस. मी मनात ओतणाऱ्याला नाव ठेवलं आणि हात उजवीकडे ठेवला.

उजवीकडचे थोडे हात बाजारातल्या हातमोजेवाल्याने नेले. दुकानाच्या काचेत मोजे घालून मांडायला. म्हणाला, मोजा चढवला की मोडलेलं कोणाला दिसतंय? उरलेले ट्रकमध्ये गेले. तो हात कशात गेला, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.

दुकान दहाला उघडतं. आता साडेनऊ झालेत. पत्र टाकते आणि जाते.

ठमी

.

२१ ऑक्टोबर

आत्या!

सापडला.

कालचं सांगते. हातमोजेवाल्याच्या काचेमागे हातच हात उभे होते. चामड्याचे मोजे, लोकरीचे, लेस लावलेले. आपले हात, आणि एकही ओळखू येईना. मी आत गेले आणि एकेका मोज्याची बोटं दाबायला लागले.

"अहो बाई, घ्यायचाय का?"

"नाही. दाबून बघतेय."

"दाबून? हे काय आंबे आहेत?"

एक गिऱ्हाईक बाई आपली पर्स छातीशी धरून मागे सरकली. मी दाबत राहिले. पहिल्या रांगेतले सगळे टणक. दुसऱ्या रांगेत एकाला अंगठा नव्हता. तो सोडला. खालच्या कोपऱ्यात एक भला मोठा तपकिरी मोजा उभा होता. दाबला. टोकं मऊ लागली. चारही. मालकांनी आत कापूस कोंबला होता.

मी तिथेच ओरडले. मी, आत्या! मालक म्हणाले, "आता काय झालं?" मी मोजा उपसून काढला, कापूस उडाला, आणि खाली तो हात. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मोडका नव्हताच तो. बोटं किंचित वाकलेली, तळव्यात पोकळी, जणू कोणी म्हणालं, "काय? पुन्हा सांग." इतकी वर्षं तो हात आपल्या खिडकीत तसाच धरलेला होता आणि मी त्याला फसलेला म्हणाले.

मालक सोडेनात. "तो माझा सगळ्यात मोठ्या मापाचा हात आहे. धिप्पाड माणसं त्याच्याकडे बघूनच आत येतात." शेवटी मी कबूल केलं, त्याच मापाचा दुसरा ओतून देईन. "टोकांसकट," ते म्हणाले. "कापसात फार जातो माझा."

आता प्रश्न असा की तो टोकांना बसतो की नाही हे इथे कळायला मार्ग नाही. टोकं असलेलं डोकं आपल्याकडे एकही नाही, आणि डोक्याचा साचा चिखलाखाली आहे. बसलाच नाही, तर तू आणि मी दोघीही खोट्या. आणि पार्सलने पाठवला तर चुरा पोचेल.

म्हणून साहेबांकडे गेले. म्हणाले, रजा पाहिजे.

"कशासाठी?"

"एकांचा हात पोचवायचाय."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि सही केली. काल रात्रीच त्याची रबरात एक प्रत घेऊन ठेवली, वाटेत काही झालं तर असावी म्हणून. उद्या निघते. बाबा दारात उभे राहून म्हणतात, "आता ही पण." पण शाल त्यांनीच काढून दिली, हात गुंडाळायला.

मला प्रवास आवडत नाही, हे तुला माहीत आहे. तरी आज दिवसभर नकाशा उघडाच ठेवलाय.

ठमी

.

तळ्याकाठून, २५ ऑक्टोबर
(घळीतल्या धर्मशाळेत ठमीसाठी राखून ठेवावे)

ठमे,

तुझी दोन्ही पत्रं एकाच बसने आली आणि गाइडने दुसरं आधी दिलं. "सापडला!" वाचून मी डॉक्टरांच्या बायकोला मिठी मारली. तिला कळेना काय सापडलं, तरी तिने उलट मिठी मारली. मग पहिलं वाचलं. तळघर, ट्रक, चिखल. चिडायचं राहूनच गेलं बघ. आधी पेढा खाऊन मग कारलं खाल्ल्यासारखं झालं. आता चिडायला बसले तर हसू येतं. साचे गेले याचं वाईट वाटतंय. ते मी नंतर एकटीने वाटून घेईन. तू त्यात पडू नकोस.

तुझ्या जागी मी असते तर मीही तो उजवीकडेच ठेवला असता. आणि शिव्या जास्त दिल्या असत्या.

मी तिथे भेटणार नाही. परत यायला बघत होते, पण परांचीने गुडघा सुजलाय. दातांच्या डॉक्टरांनी तपासला. म्हणाले, "हा माझा विभाग नाही, पण नको." आणि बस आलेल्या वाटेने परत जात नाही. उद्या खिंड चढून मठांकडे. तेव्हा हे काम तुझं.

अध्यक्षांशी वाद घालू नकोस. त्यांना वाद आवडतो. सरळ वर चढ. हात समोरून लावायला जाऊ नकोस, कानाला घासेल. खालून वर सरकव, करंगळी आधी. करंगळी बसली की बाकीची तीन आपापली जागा घेतील. आणि नाही बसली तर नाही बसली म्हणून सांग. ओढूनताणून बसवू नकोस. कानस तर लावूच नकोस, पिशवीत असली तरी. आहे, मला माहीत आहे.

इथलं तळं असं आहे की पलीकडचा डोंगर त्यात उलटा उभा राहतो, आणि पहाटे उलटा कोणता आणि सुलटा कोणता ते ठरवता येत नाही. काठाने माणसं मुक्याने चालत प्रदक्षिणा घालतात. दिवसभराची वाट आहे, एकमेकांशी कोणी अक्षर बोलत नाही. मी निम्मी केली. मला किती जड गेलं असेल ते तूच समज. पण निम्म्यावर आल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला. तो आधीपासूनच होता.

तू येशील तेव्हा खिडकीबाहेर बघत ये. हात मांडीवर आहे म्हणून मांडीकडे बघत येशील.

मठाच्या पत्त्यावर लिही. लवकर! मला तिथे झोप लागणार नाही.

आत्या

.

घळीतून, ३१ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र धर्मशाळेत माझी वाट बघत होतं. सल्ला उशिरा पोचला. पहिला दिवस मी मांडीकडेच बघत आले.

आगगाडीत समोरच्या बाईंनी हळूच विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी म्हणाले, बाळ नाही, हात आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. शाल उघडून दाखवली. त्या उठून दुसऱ्या डब्यात गेल्या आणि मला पाय पसरायला जागा झाली. मग खिडकीकडे सरकले.

आत्या, तू टेकड्यांबद्दल काही लिहिलंच नव्हतंस! सपाट शेतांत मधेच गोल गोल टेकड्या उठतात आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, त्या टेकड्या नाहीत, राजांची थडगी आहेत. कोणत्या राजांची, कोणाला ठाऊक नाही. शेतकरी त्यांना वळसा घालून नांगरतात, एवढंच. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. पुढे बसमधून गेरूच्या रंगाची माती, मग पांढरी, मग काळी, जसं कोणी थर ओततंय. एका घाटात ड्रायव्हर म्हणाला, "मागे बघा," आणि अख्ख्या बसने माना वळवल्या. मागे आम्ही आलो ती वाट दिसत होती, पार खालपर्यंत, आणि तिच्या शेजारून, झाडीतून, एक जुनी फरसबंद वाट, आमच्या वाटेच्याच वळणांनी. पूर्वी व्यापारी, यात्रेकरू, सगळे तिकडून जायचे. थोरले मास्तरही तिकडूनच गेले असणार, प्लास्टरची पोती खेचरावर टाकून. मी शाल घट्ट धरली. हात मास्तरांनी नेला त्या वाटेच्या कडेने परत चालला होता.

घळीत उतरले तेव्हा दगड येऊन पडला होता. परवाच आला. पाथरवटाने त्याच्यावर खडूने तळवा आखला होता, पाची बोटं वर. त्याने मला पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या आजींच्या तुम्हीच का?" मी हो म्हणाले. त्याने लगेच छिन्नी खाली ठेवली. मग मला कळलं, ती त्याने कालपासून उगाचच हातात धरली होती.

अध्यक्ष छत्री घेऊन आले. मी वाद घातला नाही. त्यांनी एकट्यानेच घातला. मी वर चढले.

आजोबा जवळून इतके मोठे आहेत, हे तू लिहिलं होतंस तरी मला माहीत नव्हतं. आपलं डोकं मी डोळे मिटून ओळखते, पण आपल्या डोक्याच्या गालावर शेवाळाचा हिरवा पट्टा नाही, आणि भुवईत कोळ्याचं जाळं नाही. मी त्यांना सांगून टाकलं, "जरा हात लावते हं." मग खालून वर सरकवला, करंगळी आधी.

अडला.

मी पुन्हा लावला. पुन्हा अडला. खाली अध्यक्ष म्हणाले, "पाहिलंत?" पिशवीत कानस होती. मला ती आठवली, हे खरं आहे. पाथरवट शेजारी चढून आला. त्याने बोट घालून चाचपलं आणि करंगळीच्या टोकापाशी साचलेली माती उकरून काढली. चिमूटभर निघाली. तिच्यात एक मेलेली मुंगी होती.

मग बसला.

आवाज झाला नाही. मी हात सोडला आणि तो पडला नाही, इतका नेमका बसला. करंगळीला करंगळी, अनामिकेला अनामिका. बोटावरची वळी दगडातून प्लास्टरमध्ये सरळ उतरली, मधे सांधा आहे हे शोधावं लागत होतं. पाथरवटाने खिशातून सिगरेटचा पातळ कागद काढला आणि फटीत घालून पाहिला. जाईना. दुसऱ्या बोटाला घातला. तिथेही जाईना. तो माझ्याकडे बघून नुसता हसत सुटला. आत्या, मीही. आम्ही दोघं परांचीवर वेड्यासारखे हसत होतो आणि खाली अध्यक्ष विचारत होते, "काय झालं? अहो, काय झालं ते सांगा तरी!"

ते स्वतः वर आले. छत्री घेऊनच आले. बराच वेळ पाहिलं. टोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग गाठी कशा काय लिहिल्या त्यांनी?" आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पुस्तक बदलावं लागेल." त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. खाली उतरून पाथरवटाने ओलं फडकं घेतलं आणि दगडावरचा खडूचा तळवा पुसून टाकला.

दगडाचा हात व्हायला वेळ लागेल. तोवर आपला हात फडक्याने बांधून जागेवर ठेवायचा, असं ठरलं. खालून पाहिलं तर तुझे आजोबा आता पुरे आहेत. इथे झाडलोट करणाऱ्या, दिवा लावणाऱ्या एक बाई आहेत. त्या खाली उभ्या राहून वर बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही येतो, मागतो, नमस्कार करतो, निघतो. हे बसलेत ऐकायला, हे कुठे माहीत होतं?" मग त्या जवळ गेल्या, आणि उजव्या बाजूने, जिथून कोणीच कधी जात नव्हतं, टाचा उंचावून काहीतरी बोलायला लागल्या. बोलतच राहिल्या. मधे एकदा हसल्या.

दुपारी यात्रेकरूंची बस आली. त्यांना कोणी सांगितलं, कळलं नाही. रांग उजवीकडून लागली. रोज म्हणे ती झरझर सरकते. आज सरकेना. एक म्हातारा कानाशी गेला आणि बराच वेळ आलाच नाही. त्याच्यामागून एक बाई, मग तिची मुलगी. जो तो म्हणायचा, एकच गोष्ट सांगायचीय, आणि सांगत राहायचा. रांग पार नदीपर्यंत गेली. अध्यक्ष छत्री हलवत रांगेच्या कडेने धावत होते, "थोडक्यात, थोडक्यात!" आणि पाथरवट सावलीत बसून नव्या दगडाकडे नुसतं बघत होता.

संध्याकाळी मीही रांगेत उभी राहिले. का, ते विचारू नकोस. माझी पाळी आली. मागण्यासारखं काही नव्हतं. मग वाटलं, हे इथून कधी हललेले नाहीत. यांना यांच्या देशाचं काय माहीत? म्हणून मी वाटेत काय काय पाहिलं, ते सांगायला लागले. गोल टेकड्या आणि वळसा घालून नांगरणारे लोक. मातीचे थर. घाटातली ती दुसरी वाट. तुझी वीट पण सांगितली, कुत्र्यासकट.

मागून अध्यक्ष म्हणाले, "बाई, आटपा आता. लोक खोळंबलेत."

आत्या, मी तेव्हा कुठे घाट उतरून नदीशी येत होते.

ठमी